पहिल्याच कुस्तीत हरलेला मल्ल पदक कसे आणतो?

जत्रेतला फड आणि जागतिक स्पर्धेचा आखाडा यांत फरक कोणता, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील, इकडे माती आणि तिकडे गादी. हा फरक डोळ्यांना दिसतो. पण त्याहून मोठा फरक कुस्ती सुटण्याच्या आधीच पडलेला असतो. जत्रेत जोड लावतात. पंचमंडळी दोघांचे अंग, वय आणि तालीम पाहतात, इनामाची रक्कम पुकारली जाते, हलगी कडाडते आणि कुस्ती सुटते. निकाल लागला तर एकाचा फेटा, नाही तर बरोबरीत सोडवली. शेजारच्या जोडीत कोण जिंकले याच्याशी या दोघांचे काही देणेघेणे नसते.

जागतिक स्पर्धेत आणि ऑलिंपिकमध्ये तसे नाही. तेथे एकाचे नशीब दुसऱ्याच्या कुस्तीला बांधलेले असते. हे ध्यानात नसले की बातम्या ऐकताना घोटाळा होतो. सन २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ६६ किलो गटात सुशीलकुमार पहिल्याच कुस्तीत युक्रेनच्या आंद्री स्टाडनिककडून हरला. लोकांनी रेडिओ बंद केले. संध्याकाळी बातमी आली की सुशीलकुमारला कांस्यपदक मिळाले! पहिल्याच कुस्तीत हरलेला गडी पदक कसे आणतो, असा प्रश्न तेव्हा अनेक पारांवर निघाला असेल. अजूनही निघतो. म्हणून आज त्याचा हिशेब मांडू.

एक कोरा कागद आणि पेन्सिल घ्या. डाव्या कडेला एकाखाली एक १६ नावे लिहा. पहिल्या दोघांची एक जोड, पुढच्या दोघांची दुसरी, अशा आठ जोड्या होतात. जिंकणारा उजवीकडे सरकतो. आठांचे चार, चारांचे दोन आणि शेवटी एक. या कागदाला आपल्याकडे भाग्यपत्रिका म्हणतात आणि नाव अगदी योग्य आहे. कागदाच्या बरोबर मध्ये आडवी रेघ मारा. रेघेच्या वरचे आठ आणि खालचे आठ. वरच्या अर्ध्यातला मल्ल खालच्या अर्ध्यातल्या मल्लाला फक्त अंतिम कुस्तीत भेटू शकतो, त्याआधी नाही. नावे सोळापेक्षा जास्त असली तर काहींना एक फेरी अधिक खेळावी लागते आणि काहींना लढल्याशिवाय पुढे चाल मिळते. तेवढा दम त्यांचा वाचतो.

आता हरलेल्यांकडे पाहा. नुसती बाद पद्धत असती तर हरला तो घरी गेला. कुस्तीत मात्र रेपेचेज म्हणून एक सोय आहे. जे दोघे अंतिम कुस्तीत पोहोचतात, त्यांनी वाटेत ज्यांना ज्यांना हरवले, त्या सगळ्यांना पुन्हा बोलावतात. पहिल्या फेरीत हरलेला दुसऱ्या फेरीत हरलेल्याशी लढतो, जिंकेल तो पुढच्या फेरीत हरलेल्याशी, आणि सरतेशेवटी उपांत्य फेरीत हरलेला समोर उभा राहतो. ती कुस्ती कांस्यपदकाची. कागदाच्या वरच्या अर्ध्यात एक आणि खालच्या अर्ध्यात एक, अशी दोन कांस्यपदके देतात. म्हणजे रेपेचेजमध्ये एकमेकांसमोर येणारे सगळे एकाच हाताने पडलेले असतात, हे विसरू नका.

बीजिंगमध्ये झाले ते असे. स्टाडनिक जिंकत जिंकत अंतिम कुस्तीला गेला आणि सुशीलकुमारचे दार उघडले. मग त्याने अमेरिकेचा डग श्वाब, बेलारूसचा अल्बर्ट बातिरोव्ह आणि कझाकस्तानचा लिओनिद स्पिरिदोनोव्ह असे तीन गडी एका दिवसात मारले. स्टाडनिक पुढे तुर्कस्तानच्या रमझान शाहीनकडून हरला, पण त्याने सुशीलकुमारच्या पदकाला काही बाधा आली नाही. ज्याने आपल्याला पाडले त्याने अंतिम फेरी गाठावी, एवढीच अट असते.

कुणी म्हणेल, मग हे पदक नशिबाचे झाले. अर्धे खरे आहे. दार उघडणे आपल्या हाती नसते, आत जाऊन तीन कुस्त्या मारणे असते. सन २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधला साक्षी मलिकचा ५८ किलो गटातला रस्ता पाहा. पहिली कुस्ती स्वीडनच्या योहान्ना मॅटसनशी, ५-४ अशी निसटती जिंकली. दुसरी मोल्दोव्हाच्या मारियाना चेर्दिवाराशी, ५-५ अशी बरोबरी. गादीवर बरोबरी सोडवत नाहीत. अधिक गुणांचा डाव कोणी टाकला, ताकीद कोणाला कमी मिळाली, शेवटचा गुण कोणी घेतला, अशा क्रमाने निकाल लावतात. त्यात साक्षी पुढे गेली. तिसऱ्या कुस्तीत रशियाच्या व्हॅलेरिया कोब्लोव्हाने तिला २-९ असे सरळ हरवले.

आता ती काय करणार? बसून कोब्लोव्हाच्या उपांत्य कुस्तीची वाट पाहणार. सकाळपासून तीन कुस्त्या झालेल्या, अंग थंड पडत चाललेले आणि पुढे लढायचे की सामान आवरायचे हे दुसरीच्या हातात! कोब्लोव्हा जिंकली. साक्षीने रेपेचेजमध्ये मंगोलियाच्या ओर्खोनला १२-३ असे मागे टाकले. कांस्यपदकाच्या कुस्तीत किर्गिझस्तानच्या ऐसुलू तिनिबेकोव्हाविरुद्ध ती ०-५ अशी पिछाडीवर होती. कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची असते. दुसऱ्या डावात साक्षीने ८-५ असा निकाल फिरवला. ऑलिंपिक कुस्तीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. दिवसभरात पाच कुस्त्या झाल्या. याला नुसते नशीब म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दार न उघडल्याचेही उदाहरण आहे, आणि ते एकाच मल्लाचे आहे. सन २०१९ मध्ये कझाकस्तानातल्या नूरसुलतान येथे जागतिक स्पर्धा झाली. ५३ किलो गटात विनेश फोगट दुसऱ्याच कुस्तीत जपानच्या मायू मुकाइदाकडून हरली. मुकाइदा अंतिम फेरीत गेली. विनेशने रेपेचेजमधून तीन कुस्त्या जिंकून कांस्यपदक घेतले, आणि त्याच वाटेवर अमेरिकेच्या सारा हिल्डेब्रांटला ८-२ असे हरवून टोकियो ऑलिंपिकची जागाही मिळवली. टोकियोची स्पर्धा २०२१ मध्ये झाली. तेथे विनेशला पहिले मानांकन होते. पहिली कुस्ती तिने मारली, दुसरीत बेलारूसच्या व्हानेसा कालाद्झिन्स्कायाने तिला चितपट केले. ती कालाद्झिन्स्काया पुढे उपांत्य फेरीत चीनच्या पांग छियानयूकडून हरली. झाले, दार बंद. दोन्ही ठिकाणी एक कुस्ती जिंकून दुसरी हरलेली. एकीकडे गळ्यात पदक पडले, दुसरीकडे परतीचे तिकीट.

हे समजले की मल्लाची पारख करण्याची रीत बदलते. आम्ही शेतावर नव्या वाणाची चाचणी घेतो तेव्हा शेजारी नेहमीचे वाण लावतो. नुसता एकरी उतारा सांगून भागत नाही, कशाच्या शेजारी तो आला हे सांगावे लागते. मल्लाचेही तसेच. कितव्या फेरीत हरला हे विचारण्याआधी कोणाकडून हरला आणि तो पुढे कोठवर गेला, हे विचारावे.

पूर्वी सगळी नावे चिठ्ठ्या टाकून पडत असत. त्यामुळे जगातले दोन सर्वांत तगडे मल्ल पहिल्याच फेरीत भिडण्याचा संभव होता. आता मोठ्या स्पर्धांत आधीच्या कामगिरीवरून काही मल्लांना मानांकन देतात आणि त्यांना कागदावर दूरदूर ठेवतात. पहिला आणि दुसरा मानांकित रेघेच्या दोन बाजूंना असतात. पण ज्याला मानांकन नाही त्याची चिठ्ठी कोणाच्याही शेजारी पडू शकते. सन २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या ५० किलो गटात विनेशची चिठ्ठी पडली ती थेट जपानच्या युई सुसाकीसमोर. टोकियोत एकही गुण न देता सुवर्णपदक घेतलेली, परदेशी मल्लांविरुद्ध एकही कुस्ती न हरलेली, पहिली मानांकित सुसाकी! त्या दिवशीचा कागद पाहून कोणीही हीच वाट सर्वांत कठीण म्हटली असती.

विनेशने ०-२ अशा पिछाडीवरून शेवटच्या काही सेकंदांत सुसाकीला ३-२ असे हरवले. त्यानंतर युक्रेनच्या ओक्साना लिवाचला ७-५ आणि क्युबाच्या युस्नेयलिस गुझमनला ५-० असे हरवून ती अंतिम फेरीत पोहोचली. समोर येणार होती हिल्डेब्रांट, जिला तिने २०१९ मध्ये हरवले होते. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. हल्ली प्रत्येक वजनगटाची कुस्ती दोन दिवस चालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करतात. ७ ऑगस्टला विनेशचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. नियमाप्रमाणे तिचे नाव यादीत शेवटी गेले. क्रीडा लवादाने तिचे अपीलही फेटाळले.

हातातल्या कागदावर त्या सकाळी काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. उपांत्य फेरीत हरलेली गुझमन एकदम अंतिम फेरीत गेली आणि हिल्डेब्रांटकडून हरून रौप्यपदक घेऊन परतली. विनेशने हरवलेल्या सुसाकी आणि लिवाच यांच्यात रेपेचेजची जी कुस्ती व्हायची होती, ती गुझमन वर सरकल्यामुळे कांस्यपदकाचीच ठरली. सुसाकीने ती १०-० अशी जिंकली. जिने त्या दोघींना पुन्हा उभे राहायला जागा करून दिली, ती मात्र रिकाम्या हाताने परतली. मला विचाराल तर ज्या तीन कुस्त्या नियमात राहून जिंकल्या त्यांचे मोल पुसून टाकणे फार कडक आहे. पण नियम आधीपासून छापलेला होता, हेही खरे.

वजनावरून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये दहा वजनगट असतात, पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते सहाच होते. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे याने नूरसुलतानच्या त्याच २०१९ च्या स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. उपांत्य फेरीत तो जॉर्जियाच्या बेका लोमताद्झेकडून ६-१० असा हरला आणि तोच लोमताद्झे पुढे जगज्जेता झाला. मग राहुलने अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असे हरवले. पण ६१ किलो हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. खाली ५७ आणि वर ६५. म्हणजे पदक मिळूनही त्या वजनावर ऑलिंपिकचा रस्ता निघत नव्हता. कागदावर नाव पडण्याआधी वजनकाटाच अर्धी वाट ठरवून टाकतो.

आपल्या खाशाबा जाधवांच्या काळी ही भाग्यपत्रिकाच वेगळी होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये दोषगुणांची पद्धत होती. हरणाऱ्याला जास्त दोषगुण मिळत, गुणांवर जिंकणाऱ्यालाही थोडे मिळत, चितपट करणारा मात्र कोरा राही. दोषगुणांची मर्यादा ओलांडली की मल्ल बाद. त्यामुळे एक कुस्ती हरूनही पुढे लढता येई, आणि नुसते जिंकून भागत नसे, चितपट करावे लागे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. ते हरले फक्त दोघांकडून, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह. इशीने सुवर्णपदक घेतले, मामेदबेकोव्हने रौप्य आणि खाशाबांनी कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा रस्ता आजच्या नियमांनी मोजायला गेलात तर हिशेब चुकेल, त्यांच्या काळच्या कागदावरच तो वाचला पाहिजे.

ज्यांची मुले-मुली तालमीत आहेत त्यांच्या घरी हा हिशेब रोजच्या कामाचा आहे. खुराकाला पैसा लागतो, दूध विकायचे की पोराला द्यायचे यावर घरात बोलणे होते, आणि मुलगा किंवा मुलगी पहिल्या फेरीत हरून परत आली की पुढच्या महिन्याचे बदाम थांबतात. लहान स्पर्धेत नुसती बाद पद्धत असेल तर हरलेल्याला पुन्हा बोलावणे येत नाही. पहिल्या जोडीत पुढच्या विजेत्याशी गाठ पडलेली मुलगी आणि नवशिक्याकडून हरलेली मुलगी, दोघींच्या नावापुढे यादीत एकच शेरा पडतो. तेव्हा स्पर्धा संपेपर्यंत थांबा. वस्तादांना विचारून भाग्यपत्रिका उतरून घ्या. ज्याने आपल्या पोराला पाडले त्याच्या नावावर पेन्सिल ठेवा आणि ती रेघ उजवीकडे कोठवर जाते ते पाहा. किती गुणांनी हरला, पहिल्या डावात की शेवटच्या मिनिटात, वजन त्याच गटाचे होते की वरच्या गटात उतरवले होते, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा. पुढच्या स्पर्धेच्या वेळी वस्तादांसमोर तो कागद ठेवता येईल.