शीशमहालात गरगरत नाही, मग हेडसेटमध्ये का?

पुरंदरच्या तहामुळे (1665) मराठी माणसाच्या पक्के लक्षात राहिलेल्या मिर्झाराजे जयसिंगांनी आमेरच्या किल्ल्यात शीशमहाल उभारला. छतभर जडवलेल्या आरशांच्या तुकड्यांत एका ज्योतीच्या असंख्य ज्योती होतात. हाही आभासच, पण तो बघून कुणाला मळमळत नाही. मान वळली की प्रतिबिंबं त्याच क्षणी सरकतात आणि ज्योत जिथं दिसते तिथंच नजर जुळते. हाच महाल व्हीआर हेडसेटमध्ये उतरवला, तर काहींना भोवळ येईल. कारण बहुतेक हेडसेटची भिंगं दृश्य साधारण दीड-दोन मीटरवर नेऊन ठेवतात. हातभर अंतरावरचा आरसा न्याहाळताना बुबुळं आत वळतात, डोळ्यातलं भिंग मात्र त्या दीड-दोन मीटरवरच अडकतं. त्यात बटण दाबून किल्ल्याचा चढ चढायला लागलं, की डोळे म्हणतात चाललो. अंतर्कर्ण म्हणतो, बसलोय की!

हा त्रास मोजायला आजही मुख्यतः रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांची 1993 सालची प्रश्नावली वापरतात. 16 लक्षणं, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. ती बेतली गेली लष्करी वैमानिकांच्या सिम्युलेटरवर; म्हणजे धडधाकट, तालीम घेतलेल्या माणसांवर. शिवाय 2006 च्या एका प्रयोगात गंमतच झाली: ज्यांना ती आधीही भरायला दिली, त्यांनी नंतर जास्त त्रास नोंदवला. मळमळतंय का, असं विचारलं की मळमळायला लागतं! म्हणून नुसत्या गुणांवर विसंबता येत नाही, यंत्र माणसाला बसतं का हेही मोजावं लागतं. बायकांना व्हीआर जास्त बाधतो, असं सर्रास म्हटलं जाई. के स्टॅनी यांच्या गटानं 2020 मध्ये दाखवलं, की डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधल्या अंतराशी हेडसेटची भिंगं न जुळणं हे त्यामागचं मोठं कारण आहे. दोष प्रकृतीचा नव्हता, मापाचा होता. सवयीनं त्रास कमी होतो, हा आक्षेप खरा आहे. पण सवय थोड्या थोड्या वेळाच्या अनेक फेऱ्यांनी लागते, आणि संग्रहालयात असा महाल बघायला आलेला माणूस हेडसेट एकदाच चढवतो. चित्र आणखी स्पष्ट केल्यानंही डोळे आणि अंतर्कर्ण यांचं भांडण मिटत नाही. तेव्हा चष्म्याच्या दुकानात बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून देतात, ते लिहून ठेवा आणि हेडसेट डोक्यावर चढवण्याआधी त्याची भिंगं तेवढ्यावर सरकतात का, हे विचारा.