दोन कायद्यांखालचा संसार

न्यूझीलंडच्या संसदेने १९०० साली एक लहानसा कायदा संमत केला. ज्या इंग्रजी परंपरेत आपल्या मिळकतीची मृत्युपत्राने हवी तशी विल्हेवाट लावण्याचा निरंकुश अधिकार मनुष्याला होता, त्याच परंपरेतील या तरुण वसाहतीने, बायकामुलांना निराधार टाकून जाणाऱ्या मृत्युपत्रात न्यायालयाला हस्तक्षेप करता यावा, असे त्या कायद्याने ठरविले. खुद्द इंग्लंडात तसा कायदा होण्यास १९३८ साल उजाडावे लागले. सातच वर्षांपूर्वी, १८९३ साली, याच देशाने स्त्रियांना मताधिकार दिला होता, आणि त्या चळवळीत वावरलेल्या स्त्रियांचा या सुधारणेलाही पाठिंबा होता. आज ते तत्त्व फॅमिली प्रोटेक्शन ॲक्ट, १९५५ या रूपाने अंमलात आहे. ऑकलंड, वेलिंग्टन किंवा हॅमिल्टन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने त्याची आणि त्याच्या भावंड-कायद्यांची ओळख करून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते. कारण असे कुटुंब एकाच वेळी दोन देशांच्या कायद्यांखाली नांदत असते, आणि इकडची वहिवाट मनात धरून तिकडचे व्यवहार करू गेल्यास त्याची झळ बहुधा त्यालाच लागते, ज्याचा त्यात काडीचाही दोष नसतो.

समजा, ऑकलंडात नोकरी करणारा एक गृहस्थ मृत्युपत्र न करताच वारला. मागे पत्नी, दोन मुले आणि कराडला असलेली वृद्ध आई. देणी वारल्यावर त्याच्या न्यूझीलंडमधील मिळकतीचे ६,०५,००० डॉलर उरले. ॲडमिनिस्ट्रेशन ॲक्ट, १९६९ प्रमाणे घरातील चीजवस्तू आणि पहिले १,५५,००० डॉलर पत्नीचे (त्यावरील व्याज तूर्त सोडून देऊ). उरलेल्या साडेचार लाखांचा तृतीयांश, म्हणजे दीड लाख, तोही तिचाच. आणि बाकीचे तीन लाख मुलांचे. यातून आईला छदामही मिळत नाही. त्याच गृहस्थाने स्वकष्टाने घेतलेला पुण्याचा फ्लॅट मात्र भारतीय कायद्याने जातो, कारण स्थावर जेथे असेल तेथील कायदा तिला लागू होतो. आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये आई ही पहिल्या वर्गातील वारस असल्यामुळे तेथे आई, पत्नी आणि दोन मुले यांना प्रत्येकी चतुर्थांश हिस्सा पोहोचतो. मुलगा आईच्या औषधपाण्यासाठी दरमहा पैसे धाडत असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेली माता या नात्याने तिला १९५५ च्या कायद्याखाली दाद मागता येते. परंतु ती सामान्यतः मिळकतीच्या व्यवस्थेचे प्रशासनपत्र मिळाल्यापासून १२ महिन्यांच्या आत, परक्या देशाच्या न्यायालयात, आणि मागायची तीही सुनेच्या व नातवंडांच्या हिश्श्यातून. कोणती आई त्या वाटेला जाईल? मुलाने हयातीत एक पान लिहून ठेवले असते, तर तिच्यावर हा प्रसंगच आला नसता.

ते पान लिहिण्याची रीत मात्र तेथली पाळावी लागते. विल्स ॲक्ट, २००७ प्रमाणे मृत्युपत्र लेखी हवे, आणि करणाऱ्याची सही होताना दोन साक्षीदार एकाच वेळी समोर हवेत. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्यात काही ठेवले असेल, तर ती देणगी सर्वसाधारणपणे निष्फळ ठरते. आपल्याकडे हिंदूंच्या मृत्युपत्राला हा निर्बंध नाही, त्यामुळे थोरल्या मुलालाच साक्षीला बसविण्याची चाल कोणाला खटकत नाही. तीच चाल तिकडे त्या मुलाचा हिस्सा घालवून बसते. विवाहाचेही तसेच. भारतात हिंदू मनुष्याचे मृत्युपत्र त्याच्या लग्नाने रद्द होत नाही. न्यूझीलंडात, त्या विवाहाचा विचार मनात धरून ते केलेले नसेल तर, लग्नासरशी ते रद्द होते. मूळ कागदाची तर डोळ्यांत तेल घालून निगा राखावी. झेरॉक्स काढण्यासाठी कोणी कोपऱ्यातली स्टेपलरची पिन उपसली, तर मागे राहिलेली ती दोन बारीक छिद्रेसुद्धा प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याच्या वेळी हायकोर्टात दुर्लक्षिली जात नाहीत. सोबतचा एखादा कागद गळाला तर नाही ना, याचा खुलासा शपथपत्रावर करावा लागतो. विधीत चूक राहिली तरी मृताचा हेतू त्या कागदातून खरोखर प्रकट होत असेल, तर ते मृत्युपत्र ग्राह्य मानण्याची मुभा २००७ च्या कायद्याने हायकोर्टाला दिली आहे खरी. पण त्यासाठी अर्ज आला, वकील आला, खर्च आला.

दोन्ही देशांत मिळकत असेल तर दोन स्वतंत्र मृत्युपत्रे करणे सोयीचे. त्यात एकच जोखीम असते, आणि ती मोठी आहे: वकिलांच्या ठरावीक मसुद्यात ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे’ असे वाक्य आरंभीच असते, आणि ते तसेच राहू दिले, तर ऑकलंडात केलेले दुसरे मृत्युपत्र पुण्यात केलेल्या पहिल्याच्या मुळावर येते. रद्द करणे त्या-त्या देशातील मिळकतीपुरतेच आहे, असे स्पष्ट शब्दांत घालून घ्यावे.

घराच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते ती आईवडिलांची. नाशिकचा प्लॉट विकून, निवृत्तीची पुंजी मोडून, मुलाच्या घराच्या पहिल्या हप्त्यासाठी रक्कम धाडणारे वडील तिचा कागद करीत नाहीत. पोटच्या मुलाकडून रोखा काय लिहून घ्यायचा, असे त्यांना वाटते. प्रॉपर्टी (रिलेशनशिप्स) ॲक्ट, १९७६ अन्वये मात्र तीन वर्षे टिकलेल्या संसारात राहते घर सामान्यतः पतिपत्नींचे निम्मेनिम्मे, मग ते कोणाच्याही नावावर आणि कोणाच्याही पैशातून घेतलेले असो. २००२ पासून विवाहाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनाही हाच नियम आहे. स्त्रीच्या घरातील श्रमांची किंमत करणारा हा नियम मला न्याय्य वाटतो. तथापि वडिलांची रक्कम कर्ज होती की देणगी, हा वाद फारकतीच्या वेळी उपस्थित झाला, की कागदावाचून त्यांची बाजू लंगडी पडते. निराळी वाटणी ठरवायची असेल तर करार लेखी हवा, दोघांना स्वतंत्र वकिलांचा सल्ला हवा, आणि प्रत्येक वकिलाचा तसा दाखला त्यावर हवा. घरच्या घरी लिहिलेला कागद पुरत नाही.

धंद्यातील भागीदारीला लेखी करार लागतोच असे नाही. ऑकलंडात बांधकामाचा व्यवसाय करणाऱ्या दोन चिनी गृहस्थांत विधिवत भागीदारीपत्र नव्हते. सुप्रीम कोर्टाने २०२२ साली डेंग विरुद्ध झेंग या खटल्यात त्यांच्यातील भागीदारी मान्य केली, आणि पक्षकारांच्या सामाजिक-सांस्कृतिक चालीरीतींचा पुरावा कसा व किती जपून विचारात घ्यावा याचेही विवेचन केले. विश्वासावर चालणाऱ्या आपल्या मंडळींनी हा निकाल अवश्य समजून घ्यावा, कारण भागीदारी सिद्ध झाली की तिच्या कर्जाची जबाबदारीही अंगावर येते.

नोकरीत नव्वद दिवसांचा हिशेब दोन बाजूंनी चालतो. ९० दिवसांपर्यंतच्या चाचणीच्या अटीवर नेमणूक करता येते; पण ती अट काम सुरू होण्यापूर्वी लेखी मान्य झालेली असावी लागते. वेलिंग्टनजवळच्या स्टोक्स व्हॅली येथील एका औषधालयाच्या खटल्यात, कर्मचारी स्त्रीने सही करण्याआधीच कामाला आरंभ केला होता, एवढ्यावरून २०१० साली एम्प्लॉयमेंट कोर्टाने ती अट तिला लागू नाही असे ठरविले. दुसऱ्या बाजूने, अन्यायाने काढून टाकल्याची तक्रार कामगाराने मालकाकडे ९० दिवसांच्या आत करावी लागते. लैंगिक छळाच्या तक्रारीला २०२३ पासून १२ महिन्यांची मुदत आहे. व्हिसा जाईल या धास्तीने पुष्कळ तरुण तोंड मिटून बसतात आणि मुदत निघून जाते. मालकाकडून पिळवणूक होत असल्याची रीतसर फिर्याद केल्यास ती नोकरी सोडून दुसरीकडे काम करता यावे, म्हणून त्या देशाने निराळा व्हिसाही ठेवला आहे. सिटिझन्स ॲडव्हाइस ब्यूरो आणि कम्युनिटी लॉ सेंटर यांच्याकडे प्राथमिक सल्ला विनामूल्य मिळतो. जाताना नेमणुकीचा करार आणि पगाराच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात.