एक गाणं, दोन गलबतं

केपटाउनमध्ये नव्या वर्षाचा खरा जल्लोष २ जानेवारीला असतो. 'ट्वेडे नुवे यार', म्हणजे दुसरं नववर्ष. गुलामगिरीच्या काळात मालकांचा सण उरकला की गुलामांना मिळायची ती ही सुट्टी. चकचकीत सॅटिनचे पोशाख, रंगवलेले चेहरे, घुमा नावाच्या ढोलाचा ठेका अशा थाटात 'क्लोप्स' मंडळांच्या मिरवणुका निघतात. या मंडळांचं आणि केप मलाय या, गुलामांच्या वंशजांच्या समाजातल्या गायकांचं एक लाडकं आफ्रिकान्स गाणं म्हणजे 'दार कोम दी आलिबामा', ती बघा अलाबामा आली!

गाणं चार-पाच ओळींचं. आधी समुद्रावरून जहाज येतं आणि मग, काही कारण नसताना, एक तरुणी आणि लव्हाळ्याचं अंथरूण. जहाजाचा अंथरुणाशी काय संबंध? सगळा वाद इथून सुरू होतो.

रूढ उत्तर अमेरिकन यादवी युद्धातलं आहे. 'अलाबामा' ही दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांची युद्धनौका, इंग्लंडमधल्या बर्कनहेडला बांधलेली. उत्तरेची व्यापारी जहाजं पकडायची आणि जाळायची, हेच तिचं काम. ५ ऑगस्ट १८६३ रोजी तिनं 'सी ब्राइड' हे अमेरिकन जहाज टेबल बेमध्ये, शहराच्या डोळ्यांदेखत पकडलं. लोक कामधंदा टाकून सिग्नल हिलवर धावले. पकड ब्रिटिश हद्दीत झाली, असं म्हणत अमेरिकन वाणिज्यदूतानं निषेध नोंदवला. गव्हर्नर फिलिप वुडहाउस यांनी जहाज तीन मैलांच्या हद्दीबाहेर होतं असा निर्वाळा देऊन प्रकरण मिटवलं. (हेच वुडहाउस पुढे १८७२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. कुलाब्याचा जुना वुडहाउस रोड त्यांच्याच नावाचा.) असला तमाशा पाहिलेल्या गावानं त्यावर गाणं केलं नसतं तरच नवल.

दुसरा पक्ष म्हणतो, युद्धनौका विसरा. केपच्या पश्चिम किनाऱ्यावरून, बर्ग नदीच्या मुखाकडून, लव्हाळं भरून केपटाउनला येणारं अलाबामा नावाचं एक साधं गलबत होतं. त्या लव्हाळ्याचं अंथरूण मलाय वस्तीत लग्नासाठी करत. गलबत दिसलं की लग्न जवळ आलं. मग अंथरूणही जागेवर बसतं आणि तरुणीही.

हा पक्ष मला सहज झटकता येत नाही. गाण्यात तोफ नाही, कप्तान नाही, पकडलेलं जहाज नाही. हजारोंनी पाहिलेल्या चकमकीचा एवढासाही मागमूस राहू नये? पण लव्हाळं वाहणाऱ्या गलबताला कोणी अमेरिकेतल्या राज्याचं नाव का देईल? १८६३ नंतर दिलं असेल, तर उत्तर सोपं आहे : गाजलेल्या युद्धनौकेवरून. तसं असेल तर दोन्ही पक्ष फिरून एकाच जहाजापाशी येतात.

आणखी एक धागा या वादात फारसा कोणी ओढत नाही. युद्धनौका येण्याच्या आदल्याच वर्षी, १८६२ मध्ये, तोंडाला काळं फासून गाणारी क्रिस्टी मिन्स्ट्रेल्स मंडळी केपटाउनला येऊन गेली होती. क्लोप्सच्या रंगवलेल्या चेहऱ्यांवर त्या परंपरेची छाप आहेच, आणि मिन्स्ट्रेल गाण्यांत अलाबामा हे नाव वारंवार येतं. म्हणजे नाव कदाचित जहाजाआधीच बंदरात उतरलं असावं.

मला वाटतं, हे मुळात एक गाणं नसावंच. केप मलाय गायकांच्या 'मोप्पी' या विनोदी प्रकारात इकडची चाल, तिकडची ओळ जोडून नवं गाणं उभं करण्याची रीतच आहे. लग्नातलं जुनं पद आणि बंदरातली ताजी आरोळी कुणीतरी जोडली असेल. कवी आय. डी. डू प्लेसी यांनी १९३०च्या दशकात केप मलाय गाण्यांचा अभ्यास मांडला, तेव्हा १८६३ला सत्तर वर्षं उलटली होती. जोड दाखवणारं कोण उरलं असणार?

खटकते ती वेगळीच गोष्ट. 'अलाबामा' गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्यांची होती. तिचं गाणं जपणाऱ्यांचे पूर्वज बंगाल, मलबार आणि इंडोनेशियातून गुलाम म्हणून केपला आणले गेले होते आणि १८३८ मध्ये पूर्ण मुक्त झाले होते. सिग्नल हिलवरच्या गर्दीत त्या पिढीतले पुष्कळ जण असतील. जहाजाला दाद देताना ते कोणाच्या बाजूनं लढतंय हे त्यांनी पाहिलं होतं का, याबद्दल गाणं चकार शब्द काढत नाही. पुढच्याच वर्षी, जून १८६४ मध्ये, फ्रान्सच्या शेरबूर्गजवळ उत्तरेच्या 'कीअरसार्ज' या युद्धनौकेनं 'अलाबामा' बुडवली. तेही गाण्यात नाही.