वायूच्या गाडीचा पल्ला आणि रांगेतला तास

सीएनजी पंपासमोर लागणारी रिक्षा-टॅक्सींची रांग ही वाहतुकीची एक नित्याची गैरसोय आहे, असे समजून नागरिक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. त्या रांगेत उभा असलेला चालक मात्र तिची किंमत रोज मोजत असतो. पेट्रोलपेक्षा वायू स्वस्त पडतो हे खरे. परंतु वायूच्या गाडीचा एका भरणीतला पल्ला तोकडा असल्यामुळे त्या स्वस्ताईचा काही भाग तो वेळेच्या रूपाने परत करतो. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८च्या आदेशानुसार सार्वजनिक वाहने वायूवर आणली गेली, तेव्हाही बस आणि रिक्षांच्या लांबलचक रांगांनीच त्या धोरणाची पहिली परीक्षा घेतली होती.

पल्ला तोकडा का, याचे कारण साधे आहे. नैसर्गिक वायू २०० बार दाबाखाली कोंबला, तरी एका लिटर जागेत मावणारी ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम पाव असते. साठ लिटरच्या टाकीत नऊ-दहा किलो वायू बसतो आणि तो दाब सहन करण्यासाठी साध्या पोलादी टाकीचे स्वतःचे वजनच साठ किलोंच्या घरात जाते. म्हणजे इंधनाच्या सहापट लोखंड गाडी दिवसभर वाहून नेते.

त्यातही यंत्राने ‘भरली’ म्हटलेली टाकी खरोखर भरलेली असतेच असे नाही. वेगाने कोंबलेला वायू तापतो, तापलेला वायू अधिक दाब दाखवतो आणि काटा २०० वर पोहोचताच भरणी थांबते. वायू निवला की तोच काटा खाली उतरतो. शिवाय ज्या पंपांवर नळवाहिनी नसून ट्रकवरील टाक्यांतून वायू येतो, तेथे त्या टाक्या रिकाम्या होत गेल्या की ‘आज प्रेशर नाही’ हे वाक्य ऐकावे लागते. आकारणी किलोवर होत असल्याने ग्राहकाची पैशात फसवणूक होत नाही. परंतु दोन किलो कमी मिळालेला चालक त्याच दिवशी पुन्हा रांगेत येतो आणि रांग आणखी वाढवतो! उन्हाच्या कडाक्याऐवजी रात्री वा पहाटे आणि शक्यतो नळवाहिनीच्या पंपावर टाकी भरणे हा म्हणूनच पल्ला वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. चाकांतील हवा, स्वच्छ एअर फिल्टर आणि वेळेवर बदललेले स्पार्क प्लग यांचेही मोल आहेच. परंतु ते सर्वांना ठाऊक असते.

मोह निर्माण होतो तो याच्या पुढे. गल्लीतल्या गॅरेजात जुनी, मुदत संपलेली टाकी डिकीत बसवून घ्यायची, अथवा पंपावर ‘थोडा जास्त दाब द्या’ म्हणून आग्रह धरायचा. २०० बार म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशेपट दाब होय. गंजलेल्या पोलादाशी तो तडजोड करीत नाही. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने उघड्यावर वर निघून जातो, हा त्याचा मोठा गुण; पण बंद डिकीत गळती झाली तर त्या गुणाचा उपयोग काय? म्हणूनच टाकीला नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता लागते, दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने तिची चाचणी करावी लागते आणि गाडीतील बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. वाढीव टाकीने मागच्या चाकांवर येणारा भार स्प्रिंग आणि ब्रेक यांना पेलतो की नाही, हेही तेथेच पाहिले जावयास हवे.

सुरक्षित मार्ग आहेत, पण ते महाग आहेत. आतून प्लॅस्टिक आणि बाहेरून कार्बन तंतूंचे वेष्टण असलेली टाकी पोलादी टाकीच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाची असते. अशा टाक्या बसवलेली, एका भरणीत सुमारे एक हजार किलोमीटर जाणारी बस डिसेंबर २०१९मध्ये दिल्लीत दाखवण्यात आली. मोटारींच्या बाजारात मात्र वेगळेच घडले. टाटांनी २०२३मध्ये अल्ट्रोझमध्ये तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या डिकीखाली बसवल्या. सामानाला जागा झाली, पल्ला मात्र साठ लिटरचाच राहिला. खासगी ग्राहकाला डिकी हवी असते. रिक्षावाल्याला पल्ला हवा असतो, पण त्याची मागणी कारखान्यापर्यंत क्वचितच पोहोचते. पुण्याच्या बजाजने जुलै २०२४मध्ये आणलेल्या मोटारसायकलीत दोन किलो वायूच्या जोडीला दोन लिटर पेट्रोल ठेवले आहे. टाकी न फुगवता पंपापर्यंत पोहोचण्याची हमी देण्याची ती युक्ती आहे. लांब पल्ल्याच्या ट्रकांसाठी उणे १६२ अंशांवर द्रवरूप केलेला वायू सोयीचा असला, तरी शहरी रिक्षाला तो उपयोगी नाही.

समजा, रिक्षाचालकाला दिवसातून दोनदा वायू भरावा लागतो आणि प्रत्येक वेळी चाळीस मिनिटे जातात. मोठ्या, मान्यताप्राप्त टाकीमुळे एक फेरी वाचली, तर तीनशे दिवसांत दोनशे तास, म्हणजे दहा तासांचे वीस कामाचे दिवस वाचतात. वीस दिवसांची कमाई ही वाढीव टाकीच्या कर्जाचा हप्ता फेडण्यास पुरेशी ठरू शकते. परंतु टाकीची रक्कम आज एकरकमी द्यावी लागते आणि कमाई थेंबाथेंबाने येते. या दोहोंमधील अंतर भरून काढणारे कर्ज मिळत नाही, तेथेच गल्लीतले गॅरेज स्वस्त वाटू लागते. रिक्षाचालकांच्या पतसंस्था बदली गाडीसाठी कर्ज देतात, तसे मान्यताप्राप्त टाकीसाठी आणि तिच्या त्रैवार्षिक चाचणीसाठीही देता येईल. चाचणीसाठी टाकी उतरवली की गाडी बंद राहते आणि तेवढे दिवस घरी पैसा येत नाही. चाचणी चुकवण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. चाचणीच्या काळात बदली टाकी मिळण्याची सोय वायू वितरण कंपन्यांनी केली, तर तिचा खर्च त्यांच्या विक्रीच्या मानाने फार होणार नाही.