आयर्लंडचा गेलिक फुटबॉल : एका पक्षपात्याचें मत

ज्यांतील खेळाडू कोणत्याहि किमतीस विकत घेतां येत नाहीं, असे लोकप्रिय खेळ आज जगांत शोधूं गेल्यास फार थोडे हातीं लागतील. त्या थोड्यांत आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलास आम्ही पहिलें स्थान देतों. हा खेळ पाहावयास ब्याऐंशी हजार माणसें एका मैदानांत जमतात, आणि ज्यांना पाहण्यासाठीं तीं जमतात ते पंधरा व पंधरा गडी दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपापल्या शाळेंत, बँकेंत, शेतावर किंवा इस्पितळांत कामास हजर असतात.

आमचें मत निःपक्षपाती नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. आमचे जामात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मेयो परगण्यांत, कॅसलबार येथें वैद्यकी करितात. त्यांच्या बिऱ्हाडीं आम्हीं उभयतांनीं तीन उन्हाळे काढले, आणि तेवढ्यांत मेयोचा हिरवा-तांबडा रंग आमच्या अंगीं असा कांहीं मुरला कीं, केरी किंवा डब्लिन हें नांव निघालें तरी आमची चर्या बदलते, असें घरांतील मंडळी म्हणते. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

प्रथम खेळाचें स्वरूप सांगतों. मैदान लांबीस १३० ते १४५ मीटर. परगण्या-परगण्यांमधील मोठा सामना ७० मिनिटांचा. चेंडू वाटोळा. तो लाथाडतां येतो व हातांतहि धरतां येतो; परंतु हातांत घेऊन चार पावलांहून अधिक धांवण्याची मुभा नाहीं. तेवढ्यांत तो जमिनीवर आपटून झेलावा, किंवा पायाच्या चवड्यावर सोडून पुन्हां हातांत उडवून घ्यावा लागतो. लागोपाठ दोन वेळां मात्र आपटतां येत नाहीं. सोबत्यास द्यावयाचा तर फेकून नव्हे, मुठीनें किंवा तळव्यानें टोलवून. दोन्ही टोकांस इंग्रजी एच् अक्षराच्या आकाराचे खांब असून आडव्या दांडीखालीं जाळें असतें. चेंडू दांडीवरून गेला तर एक गुण. जाळ्यांत गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. गोल व गुण वेगळे लिहिण्याची चाल आहे. १-१५ म्हणजे एक गोल व पंधरा गुण, एकूण अठरा. आमच्यासारख्या संस्कृत पाठशाळेंतून आलेल्या माणसास येथें ह्रस्वाची एक मात्रा व प्लुताच्या तीन मात्रा आठवल्यावांचून राहात नाहींत. मधल्या दीर्घाची उणीव होती. ती २०२५ सालीं कशी भरून निघाली हें पुढें येईल.

या खेळाचा संस्थापक आमचाच व्यवसायबंधु होता, याचा आम्हांस अभिमान वाटतो. मायकेल क्यूझॅक हा क्लेअर परगण्यांतला, मातृभाषेनें आयरिश, पेशानें शिक्षक. सरकारी नोकरीच्या परीक्षांसाठीं मुलांची तयारी करून घेणारी शाळा तो डब्लिनमध्यें चालवी. १ नोव्हेंबर १८८४ रोजीं थर्ल्स गांवच्या हेज यांच्या हॉटेलांत मूठभर मंडळी जमवून त्यानें गेलिक अॅथलेटिक असोसिएशन स्थापिली. आपल्या राष्ट्रीय सभेची पहिली बैठक मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत भरली, तिच्याआधीं जवळजवळ चौदा महिने. इंग्रजी खेळांच्या लोंढ्यांत देशी खेळ वाहून जाऊं नयेत, त्यांचे नियम बांधले जावेत व ते गरिबांसहि खेळतां यावेत, हा त्याचा हेतु. स्वभावानें गृहस्थ मोठा फटकळ; पत्रांस उत्तरें देण्याची हयगय करी. संस्थेनें त्यास १८८६ सालींच चिटणीसपदावरून दूर केलें. मास्तरांनीं संस्था काढाव्या व इतरांनीं त्या चालवाव्या, हा अनुभव आयर्लंडलाच आला असें नाहीं.

या संस्थेचें मुख्य मैदान डब्लिनचें क्रोक पार्क. या मैदानावर रक्त सांडलेलें आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजीं सकाळीं आयरिश क्रांतिकारकांनीं डब्लिनमध्यें ब्रिटिश हेरांवर हल्ले चढवून अनेकांस ठार केलें. दुपारीं टिपेररी व डब्लिन यांचा सामना चालू असतां सरकारी शिपायांनीं मैदानांत शिरून गोळीबार केला. १४ माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत टिपेररीचा खेळाडू मायकेल होगन हा एक होता. आज तेथील एका भव्य सज्जास त्याचें नांव आहे. जालियनवाला बागेस तेव्हां पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. पुढें बरोबर शंभर वर्षांनीं, २०२० सालीं, चार प्रांतांचे विजेते ठरले ते १९२० सालचेच चार परगणे : डब्लिन, मेयो, कॅव्हन व टिपेररी. असला योगायोग एखाद्या कादंबरीकारानें घातला असता तर आम्हीं त्याचे कान धरले असते.

अशा संस्थेनें परक्या खेळांशीं उभा दावा मांडला यांत नवल नाहीं. परंतु त्या दाव्याची तिनें पुढें जी सोंवळ्याओंवळ्याची रीत केली, ती आम्हांस मान्य नाहीं. सॉकर किंवा रग्बी खेळणाऱ्यास, इतकेंच काय, पाहावयास जाणाऱ्यासहि संस्थेंतून काढीत. १९३८ सालीं डग्लस हाइड हे आयर्लंडचे राष्ट्रपति या नात्यानें पोलंडविरुद्धचा सॉकरचा सामना पाहावयास गेले. त्या अपराधाबद्दल त्यांचें आश्रयदातेपद संस्थेनें काढून घेतलें. ज्या पुरुषानें आयरिश भाषेच्या उद्धारासाठीं जन्म वेंचला, त्यास देशाभिमान शिकविणारे हे कोण? ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. क्रोक पार्कचे दरवाजे परक्या खेळांना उघडावे असें २००५ सालीं ठरलें, आणि २४ फेब्रुवारी २००७ रोजीं तेथें इंग्लंडचा रग्बी संघ आला. इंग्लंडचें राष्ट्रगीत त्या मैदानावर वाजलें तेव्हां हजारों आयरिश लोक अदबीनें उभे होते. मग त्यांनीं इंग्लंडचा ४३-१३ असा फडशा पाडला. पाहुणचाराची ही रीत आम्हांस पसंत आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. गेलिक फुटबॉलांत गडी आपल्या गांवच्या मंडळाकडून व आपल्या परगण्याकडून खेळतो. कोणी नोकरीनिमित्त दुसरीकडे राहावयास गेला व तेथून खेळला तर तें नियमांत बसतें. परंतु पैसे मोजून एखाद्यास उचलून आणतां येत नाहीं. खेळाबद्दल वेतन नाहीं. प्रवासखर्च व थोडें सरकारी अनुदान मिळतें एवढेंच. संघाच्या शिक्षकांस पडद्याआडून पैसे पोंचतात असें तेथें उघड बोललें जातें. ही कीड वेळींच काढली पाहिजे. कित्येक शहाणे म्हणतात कीं, आठवड्यांतून चार-पांच दिवस कसून मेहनत करणाऱ्या तरुणांस पगार कां नसावा? प्रश्न रास्त दिसतो, पण याचें उत्तर आमच्या घरींच आहे. १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें खो-खोचे नियम बांधले तेव्हां तिकडील क्यूझॅकचाच हेतु इकडे होता. कबड्डीसहि पुढें चांगले दिवस आले. २०१४ पासून तिची व्यावसायिक लीग चालते, खेळाडूंच्या हातीं पैसा येतो, आणि त्यांचें भलें झालें याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु तेथें दर हंगामापूर्वीं लिलाव होतो. साताऱ्याचा मुलगा यंदा पाटण्याचा, पुढील सालीं बंगळूरचा. आम्ही कोणाच्या नांवानें ओरडावें? मेयोच्या माणसास हा प्रश्न पडत नाहीं. त्याच्या संघाचा गोलरक्षक त्याच्याच गल्लींतला असतो, आणि चुकल्यास दुसऱ्या दिवशीं दुकानांत त्याची गांठ पडते.

याची किंमत मात्र जबर आहे, आणि ती मेयोइतकी दुसऱ्या कोणी मोजली नसेल. अखिल आयर्लंडचा सॅम मॅग्वायर चषक मेयोनें शेवटचा जिंकला तो १९५१ सालीं. त्यानंतर २०२५ पर्यंत अकरा वर्षीं तो संघ अंतिम सामन्यास पोंचला, आणि अकराहि वेळां रिकाम्या हातीं परतला. १९९६ सालीं विजय हातांत असतां मीथच्या एका गड्यानें दुरून उडविलेला चेंडू जमिनीवर आपटून दांडीवरून गेला, बरोबरी झाली आणि पुढें फेरसामना गमावला. २०१३ सालीं डब्लिनकडून एका गुणानें हार. २०१६ सालीं मेयोच्याच गड्यांकडून आपल्याच जाळ्यांत दोन गोल झाले, तरीहि बरोबरी साधली. फेरसामना पुन्हां एका गुणानें गेला. २०१७ सालीं १-१७ विरुद्ध १-१६, पुन्हां एक गुण! त्या दिवशीं डब्लिनचा डीन रॉक अखेरची निर्णायक लाथ मारण्यास धांवत असतां मेयोच्या ली कीगननें आपल्या पोशाखांतील अंतर मोजण्याचें यंत्र काढून त्याच्या रोखानें फेंकलें. कृत्य निंद्य खरें. शाळेंत असतें तर आम्हीं छडी दिली असती. पण मैदानाच्या कडेला असतों तर आमच्या हातून पादत्राण सुटलें नसतें अशी ग्वाही आम्ही देत नाहीं.

लोक याला शाप म्हणतात. १९५१ चा विजयी संघ फॉक्सफर्ड गांवांतून मिरवत येत असतां वाटेंत एक अंत्ययात्रा होती. वीर थांबले नाहींत, म्हणून तेथील पाद्र्यानें शाप दिला कीं, या संघांतील शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयोस चषक मिळणार नाहीं. कर्णाच्या शापाप्रमाणें हाहि ऐन वेळीं फळास येतो. इतिहासास या कथेचा पुरावा नाहीं, व आम्ही तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीं. त्या संघांतील शेवटचे पॅडी प्रेंडरगास्ट सप्टेंबर २०२१ मध्यें, मेयो टायरोनकडून अंतिम सामना हरल्यावर थोड्याच दिवसांनीं, वारले. शापाची मुदत अशा रीतीनें संपली. चषक मात्र त्यानंतरच्या चार हंगामांतहि आला नाहीं. तेव्हां दोष शापाचा नव्हता एवढें तरी सिद्ध झालें.

आतां एक गाऱ्हाणें. सुमारें पंधरा वर्षें या सुंदर खेळाची फार विटंबना झाली. चेंडू गेला कीं बारा-तेरा गडी आपल्या खांबांपुढें भिंत करून उभे राहावयाचे. समोरचा पक्ष हातांहातांनीं चेंडू इकडून तिकडे व तिकडून इकडे देत बसावयाचा. २०११ सालीं डॉनेगॉलच्या संघानें डब्लिनविरुद्ध उपांत्य सामन्यांत ही विद्या इतकी पुढें नेली कीं, ७० मिनिटांत एकानें आठ व दुसऱ्यानें सहा गुण केले. गोल कोणाचाच नाहीं. उंच उडी घेऊन चार जणांच्या हातांवरून चेंडू खेंचून आणणें, हा या खेळाचा आत्मा. तोच नाहींसा होऊं लागला. तो परत आणण्याचें श्रेय, सांगतांना जीभ अडखळते, डब्लिनच्या जिम गॅव्हिन यांना आहे. यांच्याच शिकवणीखालीं डब्लिननें मेयोस तीन अंतिम सामन्यांत रडविलें. त्यांच्या समितीचे नियम २०२५ च्या हंगामापासून आले. प्रत्येक संघानें किमान तीन गडी समोरच्या अर्ध्यांत ठेवावे. पंचाशीं हुज्जत घातल्यास चेंडू पन्नास मीटर पुढें. आणि चाळीस मीटरांच्या कमानीबाहेरून दांडीवर चेंडू घातल्यास दोन गुण. ह्रस्व, दीर्घ, प्लुत, तीनहि मात्रा आल्या! गोलास हिरवें निशाण, एका गुणास पांढरें, दोन गुणांस नारिंगी. म्हणजे आयर्लंडचा ध्वजच पुरा झाला. त्या वर्षीं सामने डोळ्यांचें पारणें फेडण्यासारखे झाले. अंतिम सामन्यांत केरीनें डॉनेगॉलास १-२६ विरुद्ध ०-१९ असें हरवून एकोणचाळिसावा चषक नेला, हें तेवढें वाईट झालें.

नियमांनीं खेळ सुधारला, पण विषमतेवर तोडगा निघालेला नाहीं. २०२२ च्या शिरगणतींत डब्लिन परगण्याची वस्ती साडेचौदा लाख, मेयोची एक लाख अडतीस हजार, लीट्रिमची अवघी पस्तीस हजार. डब्लिननें २०१५ ते २०२० लागोपाठ सहा चषक नेले. होतकरू मुलांच्या शिक्षणासाठीं संस्थेनें त्या परगण्यास वर्षानुवर्षें इतरांहून कितीतरी अधिक पैसा दिला, आणि मोठे सामने तो आपल्याच गांवच्या मैदानावर खेळतो. यावर डब्लिनचे दोन किंवा चार तुकडे करावे असें सुचविणारे लोक आहेत. आमचा त्यास साफ विरोध आहे. शत्रूचें गांव झालें तरी तें गांव आहे, आणि गांव तोडून केलेला संघ लिलावाच्या संघाहून फार वेगळा नव्हे. पैसा गरजेप्रमाणें वांटा, आणि डब्लिनला कॅसलबारच्या पावसांत खेळावयास आणा. एवढ्यानें पुष्कळ काम होईल.

दुसरी तक्रार मास्तर या नात्यानें करितों. पूर्वीं अंतिम सामना सप्टेंबरांत होई. २०२२ पासून तो जुलैच्या अखेरीस होतो. जुलैमध्यें तेथील शाळांस सुट्टी असते. सामन्याआधींच्या आठवड्यांत वर्गांतून निशाणें रंगविण्याची जी धांदल उडे ती गेली. विजेते चषक घेऊन परगण्यांतील शाळाशाळांतून हिंडतात, हा प्रघात मात्र आहे. मेयोंत तो चषक पाहिलेलें शाळकरी मूल शोधावयाचें तर आज ऐंशी वर्षांवरचें शोधावें लागतें. आमच्या मुलीच्या शेजारीं असें एक आहे. १९५१ सालीं सात वर्षांच्या या गृहस्थांनीं चषकाच्या कडेस बोट लावलें होतें. त्या बोटाविषयीं ते अजून बोलतात. त्यांच्या फाटकावर हिरवें-तांबडें निशाण बारा महिने असतें. परवांच मुलीचें पत्र आलें : वादळानें काठी मोडली, म्हाताऱ्यांनीं नवी बसविली, कापड तेंच ठेवलें आहे.