ऑलिम्पिक नको म्हणणारी शहरे आणि आपला निधी

जागतिक स्पर्धा भरवायला मिळणे हा शहराचा मान, असेच आपल्याला सांगितले जाते. मग लोक नको का म्हणतात? जर्मनीतील हॅम्बुर्गने 2024 च्या ऑलिम्पिकसाठी नोव्हेंबर 2015 मध्ये सार्वमत घेतले. निम्म्याहून अधिक मतदारांनी नकार दिला. कॅनडातील कॅलगरीने 2018 मध्ये तेच केले. सार्वमत घेतले की नकार येतो, असे पुष्कळदा घडले आहे.

कारण करारात आहे. प्रसारणाच्या हक्कांच्या उत्पन्नातला मोठा वाटा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीकडे जातो, पण खर्च वाढला तर तो यजमानाने भरायचा, अशी हमी द्यावी लागते. बॉस्टनच्या महापौरांनी जुलै 2015 मध्ये या हमीवर घाईने सही करायला नकार दिला आणि त्याच दिवशी शहराची दावेदारी संपली. खर्च वाढतोच, कारण उद्घाटनाची तारीख पुढे ढकलता येत नाही आणि ठेकेदाराला ते ठाऊक असते. मॉन्ट्रियलमध्ये 1976 ला ऑलिम्पिक झाले, कर्ज फिटले 2006 मध्ये. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 2026 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतून माघार घेतली, तेव्हा 2.6 अब्ज डॉलरचा अंदाज 6 ते 7 अब्जांवर गेला होता. माघारीची भरपाई म्हणून 38 कोटी डॉलर द्यावे लागले, तरी त्यांना तेच स्वस्त वाटले.

आता दिल्ली 2010. इथे कोणी सार्वमत घेतले नाही. अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखीव असलेल्या घटक योजनेतील सहाशे कोटींहून अधिक रुपये दिल्ली सरकारने या स्पर्धेशी जोडलेल्या कामांकडे वळवले. माहिती अधिकारातून आकडे बाहेर आले, संसदेत गदारोळ झाला आणि हे चुकीचे होते हे तत्कालीन केंद्रीय गृहमंत्र्यांना राज्यसभेत मान्य करावे लागले. वसतिगृह, शिष्यवृत्ती, वस्तीतले पाणी यांसाठीचा पैसा स्टेडियम-रस्त्यांत गेला. उड्डाणपुलावरून दलितही जातातच ना, असा युक्तिवाद अशा वेळी हमखास ऐकू येतो. तो ग्राह्य धरला तर राखीव निधी या शब्दाला अर्थच उरत नाही.

26 नोव्हेंबर 2025 रोजी, म्हणजे नेमक्या संविधान दिनी, 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली. 2036 च्या ऑलिम्पिकसाठीही भारताची दावेदारी आहे. खेळाला विरोध करण्याचे कारण नाही. आपलीही मुले-मुली मैदानात उतरतात. प्रश्न हिशेबाचा आहे. अर्थसंकल्पात अनुसूचित जाती उपयोजनेची तरतूद 789 या गौण शीर्षाखाली दाखवली जाते. तरतूद किती, खर्च किती आणि कोणत्या कामावर, हे माहिती अधिकारात दरवर्षी मागता येते. दिल्लीचे आकडे बाहेर आले ते स्पर्धा तोंडावर आल्यावर. अहमदाबादच्या बाबतीत अजून वेळ आहे.