इस्त्रीची फळी आणि गुलामांचे जहाज

अवजार कालबाह्य झाले की ते भंगारात जाते किंवा संग्रहालयात. भंगारात त्याचे वजन होते, संग्रहालयात कौतुक. ज्या हातांनी ते आयुष्यभर वापरले, त्या हातांची नोंद मात्र दोन्हीकडे नसते. ती नोंद बेटी सार या कृष्णवर्णीय अमेरिकन शिल्पकर्तीने केली.

१९२६ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या सार यांनी जुन्या बाजारातल्या टाकाऊ वस्तू जोडून शिल्पे रचली. मी वर्गात त्यांच्याविषयी बोलतो तेव्हा विद्यार्थी विचारतात, "सर, यात कला कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर वस्तूंच्या निवडीत आणि जोडणीत आहे.

'मी वाकेन, पण मोडणार नाही' अशा अर्थाचे नाव असलेले त्यांचे १९९८ चे शिल्प घ्या. एक जुनी इस्त्रीची फळी. तिच्यावर 'ब्रूक्स' या ब्रिटिश जहाजाचा अठराव्या शतकातला आराखडा उमटवलेला : माल रचावा तशी दाटीने रचलेली गुलाम माणसे. फळीचा आकार आणि जहाजाचा आकार सारखाच! सोबत इस्त्री करणारी काळी स्त्री. जुनी लोखंडी इस्त्री साखळीने जखडलेली. मागे दोरीवर पांढरीशुभ्र चादर, आणि तिच्यावर कु क्लक्स क्लॅनची तीन आद्याक्षरे. काळ्यांना जाळणाऱ्यांचे पांढरे झगे कोणाच्या हातांनी स्वच्छ होत होते, हा प्रश्न शिल्प एक शब्दही न बोलता विचारते.

१९७२ साली, मुंबईत ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, सार यांनी 'आंट जेमायमाची मुक्ती' घडवली. आंट जेमायमा म्हणजे पिठाच्या पाकिटावरची हसरी काळी स्वयंपाकीण. सार यांनी तिच्या एका हातात झाडू ठेवला आणि दुसऱ्या हातात रायफल दिली. ते नाव सोडण्याची घोषणा कंपनीने केली ती २०२० साली!

१९८७ च्या 'मोजोटेक' या रचनेत सार यांनी संगणकाचे सर्किट बोर्ड जादूटोण्याच्या प्रतीकांशेजारी मांडले. त्यांची ही गूढाची ओढ मला पटत नाही. बाबासाहेबांच्या वाटेने आलेल्या वाचकालाही ती पटणार नाही. पण यंत्रामागचा माणूस शोधण्याची त्यांची दृष्टी आपल्याला हवी आहे.

आपल्याकडे पाटा-वरवंटा दिवाणखान्याची शोभा झाला. मैल्याचे टोपले मात्र कोणी शोभेला ठेवत नाही. ते कालबाह्य व्हावे म्हणून १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे करावे लागले, आणि त्यानंतरही माणसे गटारात गुदमरून मेली. जिथे माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो, तिथे अवजार आपोआप जुने होत नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो : घरातले खराटे, टोपली, घमेली भंगारात जाण्याआधी ती कोणी, किती वर्षे, किती मजुरीवर वापरली ते लिहून ठेवा. उद्या संग्रहालयातली पाटी दुसऱ्याने लिहिली, तर तिच्यावर फक्त लाकडाची जात असेल. माणसाची गोष्ट नसेल.